तंबूत किती माणसं मावतात?

कॅनडात टोरंटो शहराजवळ येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, वाशिष्ठी खाडीच्या काठावरचं. खाडीचं पाणी, होड्या आणि पाऊस पाहत वाढलेल्या माणसाला या देशात सगळ्यात आधी जवळचं वाटतं ते इथलं पाणी. टोरंटोहून उत्तरेला गाडीने सुमारे तीन तास गेलं की अल्गोंक्विन हे राखीव अरण्य लागतं. ओंटारियो प्रांताच्या सरकारने ते १८९३ साली राखून ठेवलं. क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडंसंच लहान. त्यात दोन हजारांवर तलाव आहेत आणि ओढ्या-नद्यांनी ते एकमेकांना जोडलेले आहेत. आत रस्ते जवळजवळ नाहीत. जायचं तर कनूमधून. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, हलकी, वल्ह्याने चालवायची होडी. भूर्जाच्या सालीपासून अशी होडी बनवण्याची कला इथल्या मूळ रहिवाशांची. ज्यांच्या नावावरून या अरण्याचं नाव पडलं, ते अल्गोंक्विन लोकही त्यांतलेच.

एक तलाव संपला की होडी डोक्यावर घ्यायची, सामान पाठीवर टाकायचं आणि पायवाटेने पुढच्या तलावापर्यंत चालायचं. याला इथे पोर्टेज म्हणतात. पोर्टेजच्या तोंडाशी पिवळी पाटी असते, मुक्कामाच्या जागेवर नारिंगी. मुक्कामाला परवाना काढावा लागतो. एका जागेवर जास्तीत जास्त नऊ माणसं, चूल पेटवायला दगडांचं एक कडं आणि झाडीत थोडं आत लाकडी पेटीचा संडास, एवढीच सोय. बाकी सगळं आपण न्यायचं आणि आपणच परत आणायचं. अशा जागी तंबू हेच घर. ते घर किती मोठं असावं, हे आम्ही दोन सफरींत शिकलो. पहिली सफर आम्हाला चांगलीच महाग पडली, म्हणून हा लेख.

तीन वर्षांपूर्वी आमची मुलगी नऊ वर्षांची होती आणि मुलगा पाच. उन्हाळ्यात अम्मी आणि अब्बा गावाहून आमच्याकडे आले होते. आम्ही दुकानातून 'चार माणसांचा' असं लिहिलेला तंबू आणला होता. आम्ही दोघं आणि दोन मुलं, हिशेब बरोबर बसला. निघायच्या आदल्या दिवशी अम्मींनी विचारलं, "ते तळं आम्हालाही बघता येईल का रे?" आम्ही म्हणालो, "अम्मी, तंबूत जागा नाही. पुढच्या वेळी मोठा आणू." त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी त्यांनी नारळाच्या वड्यांचा डबा आणि खजूर आमच्या हातात दिला आणि दोघं दारात उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबला नाही. तेव्हा चार माणसांच्या तंबूचा खरा अर्थ आम्हाला कळला. तंबू बनवणारे माणसं मोजतात ती अंथरुणाला अंथरूण चिकटवून. साधी फोमची चटई सुमारे ५० सेंटिमीटर रुंद असते. अशा चार चटया शेजारी शेजारी मावल्या की झाला चार माणसांचा तंबू. त्यात पिशव्या धरलेल्या नसतात, ओले कपडे धरलेले नसतात, कूस बदलणारं मूल धरलेलं नसतं. आमच्या तंबूची जमीन २.४ मीटर बाय २.१ मीटर होती आणि मधली उंची १.३ मीटर. उभं राहणं सोडाच, कपडे बदलायचे तर आडवं पडून बदलावे लागत. नमाजसाठी आत उभं राहता येईना, बाहेर कोरडी जागा नव्हती. पाठ कापडाला टेकली की तिथून पाणी झिरपायचं. मुलं रडली, आम्ही एकमेकांवर चिडलो आणि चौथ्या दिवसाऐवजी तिसऱ्याच दिवशी घरी परतलो.

अब्बांनी दारातच विचारलं, "पाणी आत आलं का?" आम्ही हो म्हणालो. ते तंबू उलगडून बघत बसले. अब्बांची उमर जहाजांवर खलाशी म्हणून गेली आणि त्याआधीची शिडाच्या मचव्यावर. कापड आणि दोर त्यांना आमच्याहून जास्त कळतात. ते एवढंच म्हणाले, "वळचण नाही याला."

पुढच्या हिवाळ्यात गावी अम्मींचा इंतकाल झाला. मोठा तंबू आणायचा राहूनच गेला. गेल्या वर्षी जूनमध्ये अब्बा एकटे आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही ठरवलं की या वेळी त्यांना घेऊन जायचं आणि तंबू आधी बघायचा.

या वेळी आम्ही दुकानात फूटपट्टी घेऊन गेलो. माणसं पाच. झोपताना प्रत्येकाला निदान ५५ ते ६० सेंटिमीटर रुंदी हवी, म्हणजे पाच जणांना तीन मीटरच्या आसपास. लांबी अंथरुणाची १८३ सेंटिमीटर आणि पायथ्याशी पिशव्यांसाठी आणखी ७०-८०. म्हणजे जमीन साधारण ३ मीटर बाय २.७ मीटर हवी. दुकानात हा 'सहा माणसांचा' तंबू निघाला. तेव्हापासून आमचा नियम असा की लिहिलेल्या आकड्यातून एक वजा करायचा आणि म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल सोबत असेल तर दोन.

उंचीच्या बाबतीत आम्ही अडून बसलो. अब्बा नमाज उभं राहूनच पढतात आणि गुडघे दुखत असल्याने वाकून, रांगत आत-बाहेर करणं त्यांना जमत नाही. आमच्यापैकी दोघींना, म्हणजे आईला आणि आता बारा वर्षांच्या झालेल्या मुलीला, कपडे बदलायला आडोसा लागतो. म्हणून मधली उंची निदान १८५ सेंटिमीटर हवी होती. पण नुसती मधली उंची पाहून चालत नाही. घुमटासारख्या तंबूत मध्ये उभं राहता येतं, मात्र कडा इतक्या उतरत्या असतात की भिंतीकडे झोपणाऱ्याच्या नाकाला कापड लागतं. भिंती जितक्या सरळ, तितकी जागा वापरात येते. उलट सरळ भिंतीवर वारा जास्त आदळतो, आणि तलावाच्या काठावर वाऱ्याला अडवणारं काही नसतं. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला: खाली थोडा सरळ, वर घुमट आणि चारही बाजूंना ताणदोर बांधायची सोय.

दुकानात खोल्यांसारखे प्रशस्त तंबूही होते. एकाची उंची दोन मीटरच्या वर, मध्ये पडदा, मोठ्या खिडक्या. मुलं त्यातून बाहेर यायला तयार नव्हती. त्याचं वजन १३ किलो होतं आणि गुंडाळलेली पिशवी एवढी लांब की कुठल्याच पाठपिशवीत मावेना. गाडी शेजारी उभी करून राहायचं असेल तर तो उत्तम. कनूमध्ये मात्र सामान होडीच्या तळाशी, काठाच्या खाली बसायला हवं. वर आलेलं ओझं होडी डुलवतं. शिवाय पोर्टेजवर तेच ओझं पाठीवर येतं.

अब्बांनी तो तंबू वेगळ्याच कारणाने नापसंत केला. त्याचं वरचं आवरण टोपीसारखं होतं. डोकं झाकायचं, अंग उघडं. "पावसाळ्याआधी आपण घर शाकारतो तेव्हा कौलं भिंतीच्या बाहेर का काढतो?" ते मुलांना म्हणाले, "पागोळ्या भिंतीवर पडू नयेत म्हणून." चांगल्या तंबूला दोन थर असतात. आतला थर बारीक जाळीचा आणि श्वास घेणाऱ्या कापडाचा, बाहेरचा पाणी अडवणारा. बाहेरचा थर जमिनीजवळपर्यंत आला पाहिजे आणि दोघांत हवा खेळायला जागा पाहिजे. पाच माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर वरच्या कापडावर थंड होऊन थेंब धरते. मध्ये अंतर नसेल तर तेच थेंब अंथरुणावर पडतात आणि आपण समजतो तंबू गळतो.

कापडाच्या चिठ्ठीवर मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो. त्या कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तरी पाणी आत शिरत नाही, ते तो सांगतो. छताला १५०० चालतं. जमिनीला आम्ही ३००० पाहिलं, कारण तिथे माणसाचं वजन ओल्या मातीवर दाब देतं. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे की नाही, हे अब्बांनी बोट फिरवून तपासलं. खांब काचतंतूचे की ॲल्युमिनियमचे, हेही विचारलं. काचतंतूचा खांब वाऱ्यात चिरला की त्याचे कुसळासारखे तंतू हातात घुसतात. ॲल्युमिनियमचा वाकतो आणि पुन्हा थोडाफार सरळ करता येतो. दारं दोन असावीत, हा आमचा आग्रह. अब्बांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, पोरांना ओलांडून जाण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये. दोन्ही दारांपुढे आवरणाची पडवी असावी, म्हणजे ओल्या चपला आणि पिशव्या बाहेरच राहतात.

एक मोठा घेण्याऐवजी दोन लहान तंबू घ्यावेत का, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. दोन लहान तंबूंना सपाट जागा लवकर सापडते, ओझं वाटून नेता येतं आणि एक फाटला तर दुसरा असतो. मुलं मोठी असतील, किंवा दोन कुटुंबं मिळून जात असतील, तर आम्हीही दोनच घेऊ. पण पाऊस लागला की दोन तंबूंतली माणसं दोन घरांत राहतात. अब्बांना आम्ही एकदा वेगळं ठेवलं होतं. पुन्हा तसं करायचं नव्हतं.

शेवटी घेतलेला तंबू ३ मीटर बाय २.७ मीटरचा, उंची १८८ सेंटिमीटर, दोन दारं, वजन साडेआठ किलो. जुन्याहून पाच किलो जास्त. त्याची मूळ पिशवी आम्ही वापरलीच नाही. आतला थर एका पाठपिशवीत, आवरण दुसऱ्या, खांब वेगळे गुंडाळून होडीत आडवे, असे तीन भाग केले. जाण्याआधी घरामागच्या गवतावर तो उभा केला आणि मुलांना आत बसवून अब्बांनी वरून बागेच्या नळीने अर्धा तास पाणी सोडलं. एका दाराच्या कोपऱ्यात ओल आली. शिवणीवर लावायचं द्रव मिळतं, ते लावून पुन्हा पाणी सोडलं. हे घरी कळलं म्हणून बरं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. मे-जूनमध्ये इथे काळ्या माश्या आणि डास नको करतात, ऑगस्टपर्यंत ते बरेच कमी होतात. कनू लेक नावाच्या तलावावरून आम्ही दोन भाड्याच्या होड्या घेतल्या. केव्हलरची सतरा फुटी होडी सुमारे २० किलोची असते. मधल्या जुवात मान अडकवून एक माणूस ती उलटी खांद्यावर नेऊ शकतो. अब्बांनी ती एका हाताने उचलून पाहिली आणि म्हणाले, "ही होडी आहे की टोपली?" पाण्यात उतरल्यावर मात्र पहिल्या दहा मिनिटांत आमच्या वल्हवण्यातल्या चार चुका त्यांनी सांगितल्या.

याच तलावात १९१७ साली टॉम थॉमसन हा कॅनडाचा नामवंत चित्रकार बुडून मरण पावला. काठावर त्याचं दगडी स्मारक आहे. लांबून ते पाहून आम्ही पुढे गेलो. दीड-दोन तासांनी लहानसा बंधारा आला आणि सुमारे तीनशे मीटरचं पोर्टेज. आम्हाला तीन फेऱ्या झाल्या. तंबूचं जास्तीचं ओझं इथे जाणवलं, नाही असं नाही. पण वाट तीनशे मीटरची होती, तीन किलोमीटरची नव्हती. तंबू मोठा घेतला म्हणून आम्ही मार्ग जवळचा निवडला होता.

जो लेकच्या काठावर मुक्कामाची जागा मिळाली. तिथे आम्हाला तंबू ठोकायची घाई आणि अब्बा मात्र मान वर करून झाडं बघत फिरत होते. वाळलेलं झाड किंवा अडकलेली फांदी वर असेल तर तिथे तंबू लावायचा नाही. मग त्यांनी जमीन पाहिली. सगळ्यात सपाट, मऊ दिसणारी जागा थोडी खोलगट होती. "पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल ते आधी बघा," असं म्हणून त्यांनी आम्हाला चार पावलं वर नेलं. मोठ्या तंबूची अडचण इथे कळते. एवढी मोठी सपाट जागा सहज मिळत नाही, एका बाजूला मुळं निघतातच. त्या बाजूला आम्ही पाय केले. खाली मातीचा थर पातळ आणि त्याखाली कातळ, त्यामुळे खुंट्या अर्ध्याहून जास्त गेल्या नाहीत. खांबांवर आपोआप उभा राहणारा तंबू घ्यावा, तो यासाठी. ताणदोर आम्ही मोठ्या दगडांना बांधले.

स्वयंपाक आणि बसणं तंबूपासून दूर, वेगळ्या ताडपत्रीखाली. ती अब्बांनी दोन झाडांमध्ये सुरगाठींनी अशी बांधली की एक टोक ओढलं की सगळी सुटावी. तंबूत खाण्याची वस्तू, अगदी खजूरही, ठेवायची नाही, कारण अरण्यात काळी अस्वलं आहेत. सगळं अन्न एका पोत्यात घालून उंच फांदीवरून, खोडापासून दूर लटकवायचं. अब्बांनी सामानात गुपचूप सुका जवळा आणला होता. तो घरून निघतानाच आम्ही काढून घेतला, त्याचा राग त्यांनी दोन दिवस धरला. आतल्या भागात पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला मनाई आहे, म्हणून डाळ-तांदूळ, सुकं खोबरं, तांदळाचं पीठ असं कापडी पिशव्यांतून नेलं होतं.

किब्ला इथून ईशान्येला येतो. मुलांना हे नेहमी चुकीचं वाटतं, नकाशावर मक्का खाली दिसते ना! अब्बांनी त्यांना समजावलं की जहाज गोल पृथ्वीवरून चालतं, सपाट कागदावरून नाही. घरी गेल्यावर पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. मगरिब साडेआठच्या सुमारास झाली. अंथरुणं गुंडाळून कडेला केली की मध्ये दोन जानमाज बसत होते. त्या संध्याकाळी पाऊस नव्हता, तरी अब्बा तंबूत उभे राहिले. डोकं कापडाला लागत नाही, हे त्यांनी हात वर करून पाहिलं आणि मग नियत बांधली.

दुसऱ्या रात्री एकच्या सुमारास वारा सुटला आणि मागोमाग पाऊस. आम्ही जागे झालो तेव्हा अब्बांचं अंथरूण रिकामं होतं. बाहेर टॉर्चचा उजेड हलत होता. ओल्याने नायलॉनचा दोर सैलावतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. ते एकेक दोर ताणून, दगडावर दगड ठेवून आले. दुसऱ्या दाराने आत शिरले, पडवीतच ओला रेनकोट काढला आणि कोणालाही न ओलांडता आपल्या जागेवर बसले. मुलं उठलीही नाहीत. थोड्या वेळाने अंधारात ते म्हणाले, "तुझी अम्मी असती तर तिला झोप लागली असती इथे." आम्हाला उत्तर सुचलं नाही. त्यांच्या शेजारी अजून एका माणसाची जागा होती.

सकाळी एक कोपरा ओला निघाला. चूक आमचीच. तंबूखाली अंथरलेलं प्लास्टिक एका बाजूने बाहेर आलं होतं, त्यावर पडलेलं पाणी सरळ खाली शिरलं. ते तंबूच्या कडेच्या चार बोटं आत असायला हवं. कनूवाले अनुभवी लोक तर ते तंबूच्या आतच अंथरतात. पाऊस दुपारी बारापर्यंत चालला. आम्ही आत पत्ते खेळलो, मुलीने भिंतीला पाठ न टेकता पुस्तक वाचलं आणि अब्बांनी मुलाला चार गाठी शिकवल्या. चौथा दिवस पूर्ण करून आम्ही परतलो.

वाचकांपैकी फार थोडे अल्गोंक्विनला जातील. पण पवना किंवा भंडारदऱ्याच्या काठी मुलाबाळांना घेऊन तंबूत राहण्याची आवड आता आपल्याकडेही वाढते आहे. तंबू भाड्याने घेतलात तरी त्यावरचा आकडा वाचून थांबू नका. आत जाऊन सगळ्यांनी एकदा आडवं व्हा. वळचण बघा, दुसरं दार बघा, घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस त्यात उभं राहू शकतं का ते बघा. आणि जागा नाही म्हणून कोणाला मागे ठेवायची वेळ आली, तर तंबू बदला किंवा सफर लहान करा.

या वर्षी अब्बांना डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास नको सांगितला आहे. तंबू आमच्याकडे आहे. ओला तंबू गुंडाळून ठेवला की त्याला बुरशी लागते आणि कापडावरचा लेप सुटतो, म्हणून परतल्यावर तो गॅरेजमध्ये तीन दिवस टांगून वाळवावा लागतो. परवा जुलैच्या सफरीहून आलो आणि गावी फोन केला. सलाम झाला, आणि प्रवास कसा झाला हे विचारण्याआधी अब्बांनी विचारलं, "तंबू वाळत घातला का?"